द्राक्षबाग कुठे लावायची? नकाशाला विचारा!

फेब्रुवारी-मार्च आला की हातगाड्यांवर द्राक्षांचे ढीग लागतात. कुणी 'नाशिकची गोड द्राक्षं' म्हणून ओरडतो, कुणी तासगावची म्हणून, कुणी सोलापूरची म्हणून. पण 'घ्या, रत्नागिरीची द्राक्षं घ्या!' अशी आरोळी तुम्ही कधी ऐकली आहे का? नाही ना? रत्नागिरी म्हटलं की हापूस, वेंगुर्लं म्हटलं की काजू आणि द्राक्षं म्हटलं की नाशिक! हे असं का, याचं उत्तर तुमच्या दप्तरातच आहे. भूगोलाच्या पुस्तकात, नकाशांच्या पानांवर. हो, तीच ती रेघोट्यांची पानं, जी परीक्षेच्या आदल्या रात्री उघडली जातात!

मित्रांनो, आज आपण एक गंमत करणार आहोत. समजा, तुमचे मामा नाशिक जिल्ह्यातल्या एका गावात राहतात. त्यांना एक एकर द्राक्षबाग लावायची आहे. त्यांची जमीन एकाच ठिकाणी नाही, चार ठिकाणी विखुरलेली आहे. एक तुकडा ओढ्याकाठी, एक टेकडीवर, एक कालव्यालगत आणि एक घराजवळ. बाग नेमकी कुठे लावावी? चला, मामांना मदत करू या. हत्यार एकच. नकाशा!

चूक झाली तर?

तुम्ही म्हणाल, त्यात एवढं काय? एका ठिकाणी नाही जमलं तर पुढच्या वर्षी दुसरीकडे लावायची. मेथीचं किंवा कोथिंबिरीचं तसं जमतं. महिना-दीड महिन्यात पीक निघतं, जागा बदलता येते. द्राक्षाचं तसं नाही बरं का!

द्राक्षबागेत आधी रानटी जातीचा खुंट लावतात. आपल्याकडे 'डॉगरिज' नावाचा खुंट फार वापरला जातो, कारण तो पाण्याचा ताण आणि थोडीफार क्षारता सोसतो. तो वाढला की त्यावर थॉम्पसनसारख्या गोड जातीच्या डोळ्याचं कलम करतात. मग अँगल रोवायचे, तारा ओढायच्या, वेली चढवायला मांडव उभा करायचा, ठिबकच्या नळ्या टाकायच्या. नऊ फूट बाय पाच फुटांवर वेली लावल्या, तर एका एकरात साडेनऊशेच्या वर वेली बसतात! प्रत्येकीला बांबूचा आधार, प्रत्येकीची छाटणी. एवढं करून पहिलं चांगलं पीक हाती यायला जवळजवळ दोन वर्षं लागतात. तोपर्यंत खर्चच खर्च. बहुतेकांना त्यासाठी बँकेचं किंवा सोसायटीचं कर्ज काढावं लागतं.

एकदा लावलेली बाग पुढे बारा-पंधरा वर्षं तिथेच राहते. ती उचलून शेजारच्या शेतात नेता येत नाही. म्हणजे आज सहावीत असलेली मुलगी शिकून नोकरीला लागेपर्यंत तिच्या घरची बाग त्याच जागी उभी असणार. जागा बरोबर निघाली तर तिच्या शिक्षणाचा खर्च त्या बागेतून निघेल. जागा चुकली तर कर्जाचे हप्ते तेवढे राहतील! म्हणूनच पहिला खड्डा घेण्याआधी जितका विचार करता येईल तितका करून घ्यायचा.

एकावर एक कागद

जमीन निवडताना एकच गोष्ट पाहून चालत नाही. पाऊस पाहायचा, उंचसखलपणा पाहायचा, उतार, माती, पाणी, सगळंच पाहायचं. प्रत्येक गोष्टीचा नकाशा वेगळा. मग ही सगळी माहिती एकत्र कशी करायची?

युक्ती अगदी सोपी आहे. प्रत्येक नकाशा पारदर्शक कागदावर काढायचा. जिथे जमीन वाईट, तिथे गडद रंग. जिथे चांगली, तिथे कोरं. मग सगळे कागद एकावर एक ठेवून उजेडासमोर धरायचे. ज्या जागेतून स्वच्छ उजेड आरपार येईल, ती आपली जागा! अमेरिकेत इयान मॅकहार्ग नावाच्या तज्ज्ञांनी रस्ते आणि वस्त्या कुठे असाव्यात हे ठरवण्यासाठी ही पद्धत वापरली. १९६९ साली त्यांनी त्यावर पुस्तक लिहिलं, ते जगभर गाजलं.

पण मोठा प्रदेश असेल तर? शेकडो नकाशे हातानं गिरवायचे म्हणजे किती वेळ आणि किती पैसा! हीच अडचण रॉजर टॉमलिन्सन यांना आली. ते कॅनडातल्या एका हवाई सर्वेक्षण कंपनीत काम करत. केनियात झाडांच्या लागवडीसाठी योग्य जागा शोधण्याचं काम कंपनीकडे आलं. नकाशे हातानं एकावर एक ठेवून काम करायचं तर खर्च परवडेना. टॉमलिन्सन यांच्या डोक्यात आलं, की नकाशे संगणकाला का देऊ नयेत? त्या काळी संगणक खोलीएवढे मोठे असत आणि नकाशा वाचणं त्यांना ठाऊकही नव्हतं. योगायोग असा, की १९६२ साली एका विमानप्रवासात त्यांची गाठ कॅनडाच्या जमीन-पाहणी प्रकल्पाच्या प्रमुखांशी पडली. त्यांनाही देशभरच्या जमिनीची प्रतवारी करायचीच होती. झालं! त्यातून जगातली पहिली संगणकीय 'भौगोलिक माहिती प्रणाली' तयार झाली. आज तिला सगळे 'जीआयएस' म्हणून ओळखतात. म्हणजे बघा, जीआयएसचा जन्मच मुळी 'कुठली जमीन कशाला चांगली?' या प्रश्नातून झाला.

आता आपण आपले कागद एकेक करून तयार करू.

पहिला कागद : पाऊस

मुंबईहून रेल्वेनं नाशिकला जाताना कसारा घाट लागतो आणि घाट चढला की इगतपुरी. इगतपुरीला वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. तिथून साधारण ४५ किलोमीटरवर नाशिक. तिथे पाऊस ७०० मिलिमीटरच्या आसपास! आणखी पूर्वेला निफाडकडे गेलं की तो आणखी कमी होतो. समुद्रावरून आलेले ढग सह्याद्री चढताना रिकामे होतात आणि पलीकडे पर्जन्यछाया पडते, हे तुम्ही पुस्तकात वाचलंच आहे. द्राक्षाला हीच छाया मानवते. कोकणात द्राक्षबागा का नाहीत, त्याचं एक मोठं कारण इथे सापडलं.

पण वर्षाचा एकूण पाऊस पाहून थांबू नका. पाऊस किती, याइतकंच तो कधी पडतो हेही महत्त्वाचं. आपल्याकडे द्राक्षाची वर्षातून दोनदा छाटणी करतात. एप्रिलमधली ती खरड छाटणी आणि ऑक्टोबरच्या सुमारास होते ती गोडी छाटणी. गोडी छाटणीनंतर महिना-सव्वा महिन्यात वेल फुलावर येते. त्या वेळी पाऊस आला तर डावणी नावाचा बुरशीचा रोग झपाट्यानं पसरतो, घड कुजतात, गळतात. पुढे मणी पिकत असताना पाऊस आला तर मण्यांना तडे जातात. ११ नोव्हेंबर २००९ रोजी 'फयान' चक्रीवादळ कोकण किनाऱ्यावर आलं. त्याच्या पावसानं नाशिकच्या द्राक्षबागांचं अतोनात नुकसान केलं. २०१४च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये तर राज्यभर गारपीट झाली.

पावसाचे आकडे कुठून मिळतात? भारतीय हवामान विभाग १८७५ सालापासून नोंदी ठेवतो आहे. इतक्या वर्षांच्या नोंदींवरून ऑक्टोबर-नोव्हेंबरचा पाऊस कुठे जास्त, कुठे कमी, याचा नकाशा काढता येतो. मामांची चारही शेतं एकाच गावात आहेत, त्यामुळे पावसाचा कागद चौघांनाही सारखाच. पुढे चला.

दुसरा कागद : उंचसखल

भारतीय सर्वेक्षण विभाग ही आपल्या देशातली फार जुनी संस्था, १७६७ साली स्थापन झालेली. तिचे १:५०,००० प्रमाणाचे स्थलदर्शक नकाशे तुम्ही शाळेत पाहिले असतील. त्यावर २ सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचा १ किलोमीटर. तपकिरी रंगाच्या वेड्यावाकड्या रेषा असतात ना, त्या समोच्च रेषा. एका रेषेवरच्या सगळ्या जागा सारख्याच उंचीवर. एका रेषेवरून शेजारच्या रेषेवर गेलात की २० मीटर चढलात, नाहीतर उतरलात!

द्राक्षाला उंचीशी काय करायचंय? थंडीशी करायचंय. थंड हवा गरम हवेपेक्षा जड असते. हिवाळ्यात रात्री ती पाण्यासारखी उतारावरून खाली घरंगळते आणि खोलगट जागी साचून राहते. पहाटे ओढ्याकाठून चालत गेलात तर अचानक अंगावर शिरशिरी येते, ती हीच साचलेली हवा. थंडी फार वाढली की मण्यांची वाढ थांबते, दव गोठलं तर पानं करपतात. राज्यातल्या कडाक्याच्या थंडीच्या बातमीत निफाडचं नाव नेहमी येतं. कधी कधी तिथला पारा पाच अंशांच्याही खाली जातो. म्हणून काय निफाडला द्राक्षं नाहीत? भरपूर आहेत! तिथले शेतकरी पहाटे उठून बागेत शेकोट्या पेटवतात, ठिबकनं पाणी सोडतात, मुळांशी थोडी ऊब टिकवतात. पण हा जागता पहारा कुठल्या शेताला जास्त द्यावा लागेल, ते समोच्च रेषा आधीच सांगतात.

तिसरा कागद : उतार

याच रेषांवरून उतारही काढता येतो. दोन रेषांमधलं अंतर पट्टीनं मोजा. समजा, ते १ सेंटिमीटर आलं. म्हणजे जमिनीवर ५०० मीटर. ५०० मीटर चालल्यावर २० मीटर चढ. म्हणजे शंभराला चार, चार टक्के उतार. छान! पाणी साचणार नाही आणि मातीही वाहून जाणार नाही. तेच अंतर २ मिलिमीटर आलं, तर १०० मीटरला २० मीटर चढ. वीस टक्के! तिथे ट्रॅक्टर चालवणं अवघड आणि पहिल्याच वळवाच्या पावसात माती ओढ्यात. रेषा विरळ तर जमीन सपाट, रेषा दाट तर चढ खडा. एवढं लक्षात ठेवलं की झालं.

उतार कुठल्या दिशेला आहे, याचं महत्त्व मात्र गावागावानुसार बदलतं. जर्मनीत मोझेल नदीच्या काठी द्राक्षमळे आहेत. त्यांतला ब्रेम गावाजवळचा काल्मोंट डोंगर इतका उभा आहे, की काही ठिकाणी उतार ६५ अंशांच्या घरात जातो! माणसं इतक्या अवघड कड्यावर वेली का लावतात? कारण ती जागा विषुववृत्तापासून ५० अंश उत्तरेला आहे. द्राक्षं पिकतात त्या ऑक्टोबरच्या अखेरीला भर दुपारी सूर्य क्षितिजापासून जेमतेम २६ अंश वर येतो. तिरपं, दुबळं ऊन! दक्षिणेकडे तोंड केलेल्या उभ्या डोंगरावर मात्र तेच ऊन सरळ पडतं. नाशिक आहे २० अंशांवर. आपल्याकडे डिसेंबरातल्या सर्वांत लहान दिवशीही दुपारचा सूर्य ४६ अंशांच्या वर असतो. तेव्हा मामांनी दक्षिण उताराच्या मागे धावायचं कारण नाही. वेलींच्या ओळी दक्षिणोत्तर ठेवल्या की सकाळी एका बाजूला आणि दुपारनंतर दुसऱ्या बाजूला ऊन मिळतं. पाहिलंत? मोझेलला जो नकाशा सर्वांत आधी उघडायचा, तो नाशिकला शेवटी उघडला तरी चालतो. कुठला प्रश्न विचारायचा, हे त्या त्या जागेनं ठरवायचं.

चौथा कागद : माती

दख्खनचं पठार ज्वालामुखीच्या लाव्ह्यानं बनलंय. त्या काळ्या कातळाची झीज होऊन आपली काळी माती तयार झाली. डोंगरउतारावर ती उथळ आणि मुरमाड असते, नदीकाठी खोल आणि भारी. आता तुम्हीच सांगा, द्राक्षाला कुठली आवडेल? 'काळी, कसदार, खोल' असं म्हणालात तर फसलात! भारी काळी माती पाणी धरून ठेवते. कपाशीला ते चालतं. द्राक्षाच्या मुळांना मात्र हवा लागते. पाणी साचलं की ती गुदमरतात. द्राक्षाला हवी मध्यम काळी, खाली मुरूम असलेली, पाण्याचा निचरा होणारी जमीन. आणखी दोन शत्रू आहेत. एक म्हणजे चुनखडी. ती फार असली की वेलीला लोह मिळत नाही आणि पानं पिवळी पडतात. दुसरी म्हणजे चोपण जमीन. कालव्याचं पाणी वर्षानुवर्षं जास्त देऊन अशा बऱ्याच जमिनी बिघडल्या आहेत. पावसात चिखल, उन्हात दगड!

मातीचे नकाशे करण्याचं काम नागपूरची एक राष्ट्रीय संस्था करते. तिचं नाव लांबलचक आहे, राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण आणि भूमी उपयोग नियोजन ब्यूरो. १९७६ साली ती सुरू झाली. मातीची खोली, पोत, निचरा, उतार हे सगळं पाहून तिथले शास्त्रज्ञ जमिनीचे गट पाडतात.

पाचवा कागद : पाणी

द्राक्षाला ठिबकमुळे पाणी बेतानं लागतं. पण लागतं ते भलत्याच वेळी! एप्रिलमध्ये खरड छाटणी होते आणि त्यानंतरच्या दीड-दोन महिन्यांत वेलीच्या डोळ्यांत पुढच्या हंगामाचे घड तयार होतात. डोळ्यांना दिसत नाहीत, पण आत त्यांची तयारी सुरू असते. म्हणजे ऐन मे महिन्यात, विहिरी तळ गाठतात तेव्हा वेलीला पाणी हवं. त्या वेळी कमी पडलं तर पुढच्या वर्षी बाग हिरवीगार दिसेल, पण घड कमी!

म्हणून नकाशावर धरणं, कालवे आणि त्यांचं लाभक्षेत्र पाहायचं. दिंडोरी तालुक्यात करंजवण, वाघाड, पालखेड अशी धरणं आहेत, त्यांच्या आधारानं कितीतरी बागा उभ्या आहेत. जमिनीखालच्या पाण्याच्या नोंदी राज्याची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा ठेवते. आणि सर्वांत उपयोगी माहिती कुठल्याही कागदावर नसते. शेजारच्या आजोबांना विचारायचं, 'आजोबा, मे महिन्यात तुमच्या विहिरीत किती परस पाणी असतं हो?'

बेरीज करू की चाळणी लावू?

पाऊस तर सारखाच आहे. उरलेल्या चार गोष्टींना दहापैकी गुण देऊ या. हे गुण आपण कल्पनेनंच दिलेत, बरं का!

ओढ्याकाठचं शेत : थंडी ६, उतार १०, माती २, पाणी १०. एकूण २८.
कालव्यालगतचं शेत : थंडी ६, उतार ८, माती ३, पाणी ९. एकूण २६.
टेकडीवरचं शेत : थंडी ९, उतार ४, माती ६, पाणी ३. एकूण २२.
घराजवळचं शेत : थंडी ७, उतार ७, माती ७, पाणी ६. एकूण २७.

पहिला नंबर कुणाचा? ओढ्याकाठच्या शेताचा! लावायची का तिथे बाग? थांबा. समजा, तुमच्या वर्गातल्या एका मुलाला सगळ्या विषयांत नव्वदच्या वर गुण आहेत आणि गणितात मात्र वीस. बेरीज भरपूर झाली, पण निकालपत्रावर काय लिहिलेलं असेल? जमिनीचंही अगदी तसंच आहे. भरपूर पाणी असलं म्हणून गुदमरणारी मुळं काही श्वास घ्यायला लागत नाहीत. उलट आणखीच गुदमरतात!

म्हणून जाणकार लोक आधी चाळणी लावतात. प्रत्येक शेताचा सर्वांत कमी गुण कोणता, तो पाहायचा. ओढ्याकाठी २, कालव्यालगत ३, टेकडीवर ३ आणि घराजवळ ६. आता घराजवळचं शेत पहिलं आलं. कशातच अव्वल नाही, पण कशातच नापासही नाही! संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि कृषी संघटनेनं १९७६ साली जमीन पारखण्याची एक पद्धत जगापुढे ठेवली. तिच्यात जमिनीचे 'अतिशय योग्य', 'मध्यम योग्य', 'थोडी योग्य' आणि 'अयोग्य' असे वर्ग करतात. वर्ग ठरवताना जमिनीची सर्वांत मोठी अडचण कोणती, याला तिथेही फार महत्त्व आहे.

पुढचा प्रश्न असा, की ही अडचण दूर करता येईल का? टेकडीवर पाणी नाही, तर शेततळं खोदून प्लॅस्टिकचा कागद अंथरता येतो. उतार जास्त, तर ताली घालता येतात. पावसाची भीती, तर वेलींवर प्लॅस्टिकचं आच्छादन घालता येतं, काही बागायतदार हल्ली तेही करतात. या सगळ्याला पैसे लागतात. पण चार-पाच फूट खोल चिकणमाती उचलून दुसरी कुठून आणणार? पैशानं बदलता येणारी अडचण वेगळी आणि न बदलणारी वेगळी. मामांनी वही घेऊन दोन्ही बाजूंना लिहून काढलं पाहिजे.

नकाशाला काय दिसत नाही?

आता एक धोक्याची सूचना. फेब्रुवारी २००० मध्ये अमेरिकेचं 'एंडेव्हर' हे अंतराळयान रडार घेऊन अवकाशात गेलं. एक अँटेना यानात आणि दुसरा ६० मीटर लांब दांड्याच्या टोकाला! अकरा दिवसांत त्यानं पृथ्वीवरच्या सुमारे ८० टक्के जमिनीची उंची मोजली. २००५ साली आपल्या इस्रोनं 'कार्टोसॅट-१' हा उपग्रह सोडला, त्यानंही जमिनीच्या चढउतारांची चित्रं घेतली. इस्रोच्या 'भुवन' या संकेतस्थळावर २००९ पासून अशी बरीच माहिती घरबसल्या पाहता येते.

पण एंडेव्हरच्या माहितीतला एक चौकोन ३० मीटर लांब आणि ३० मीटर रुंद असतो. एका चौकोनाला एकच उंची. म्हणजे मामांच्या एक एकरात जेमतेम साडेचार चौकोन बसले! त्यात बांध दिसणार नाही, पाणी साचणारा छोटा खळगा दिसणार नाही. शिवाय दाट झाडी असेल तर रडार झाडांच्या शेंड्यांनाच जमीन समजतं.

मातीच्या नकाशाचं तर विचारूच नका. राज्याचा मातीचा नकाशा १:२,५०,००० प्रमाणाचा आहे. त्यावर १ सेंटिमीटर म्हणजे अडीच किलोमीटर. एक एकराचं चौकोनी शेत साधारण ६४ मीटर लांब-रुंद. नकाशावर ते किती होईल? करा गणित. पाव मिलिमीटर! टोकदार पेन्सिलीचं टिंबसुद्धा त्याहून मोठं असतं. म्हणून नकाशानं 'इथली माती मध्यम काळी' असं सांगितलं, तरी त्याचा अर्थ 'या भागातली बरीचशी माती तशी' एवढाच घ्यायचा. नकाशामुळे चार शेतांतली दोन-तीन बाद करता येतात, वेळ आणि पैसा वाचतो. शेवटचा कौल मात्र फावड्याचा!

शेतात तीन-चार ठिकाणी मीटरभर खोल खड्डे घ्यायचे. कडेचे थर पाहायचे. काळी माती कुठपर्यंत, मुरूम कुठे लागतो, पांढरे चुनखडीचे खडे दिसतात का? वेगवेगळ्या खोलीवरची माती वेगवेगळ्या पिशवीत भरून प्रयोगशाळेत द्यायची. विहिरीचं पाणीही तपासायचं. द्राक्षासाठी तर पुण्याजवळ मांजरीला १९९७ सालापासून राष्ट्रीय संशोधन केंद्रच आहे. बाग लावण्याआधी तिथल्या शास्त्रज्ञांचा किंवा कृषी सहायकांचा सल्ला घेतलेला बरा.

करून पाहा

लागणारं साहित्य : तुमच्या गावाचा किंवा जवळच्या भागाचा स्थलदर्शक नकाशा (शाळेत मिळेल, सर्वेक्षण विभागाकडून ऑनलाइनही मिळतो), चार ट्रेसिंग पेपर, रंगीत खडू, पट्टी.

१. नकाशाच्या एका छोट्या भागावर चौकट आखा. प्रत्येक ट्रेसिंग पेपरवर तीच चौकट गिरवा आणि कोपऱ्यांवर खुणा करा, म्हणजे कागद सरकणार नाहीत.

२. पहिल्या कागदावर, जिथे समोच्च रेषा ४ मिलिमीटरपेक्षा जवळ आहेत तो भाग रंगवा. तिथे उतार दहा टक्क्यांपेक्षा जास्त आहे. (कसा, ते तुम्हीच काढा!)

३. दुसऱ्या कागदावर नदी-ओढ्यांच्या दोन्ही बाजूंचा खोलगट भाग रंगवा.

४. तिसऱ्यावर विहीर, कालवा किंवा तळ्यापासून १ किलोमीटरपेक्षा दूर असलेला भाग रंगवा.

५. चौथ्यावर घरं, रस्ते आणि जंगल रंगवा. तिथे शेती करताच येणार नाही.

६. चारही कागद एकावर एक ठेवून खिडकीच्या काचेवर धरा. कोरी राहिलेली जागा कुठली?

७. सुट्टीच्या दिवशी मोठ्या माणसांबरोबर त्या जागेवर जा. तिथली मूठभर माती भिजवून तिची वळी करा. लांबसडक, न तुटणारी वळी झाली तर माती चिकण. वळी होतच नसेल तर रेताड किंवा मुरमाड. तिथे शेती करणाऱ्यांशी बोला आणि मे महिन्यातल्या पाण्याबद्दल विचारायला विसरू नका.

तुमच्या गावात द्राक्षं होत नसतील तर डाळिंब घ्या, आंबा घ्या, काजू घ्या. पद्धत तीच, फक्त प्रश्न बदलतील. तुमचा कागद काय म्हणाला आणि मातीनं काय सांगितलं, हे एका वहीत शेजारी शेजारी लिहा. दोन्ही जुळलं तर उत्तमच. जुळलं नाही तर अधिकच मजा, कारण तिथे नकाशाला न दिसलेलं काहीतरी तुम्हाला दिसलेलं असेल!